मोंद्रियानची सरळ रेषा

अमूर्त चित्रकलेचा अभ्यास करावयास निघालेला कलाशाळेतील विद्यार्थी, आपल्या चित्रसंग्रहासाठी एखादा चित्रकार निवडावयाची वेळ आली की, बहुधा पीट मोंद्रियानपाशी येऊन थांबतो. कारण उघड आहे. पांढरी पार्श्वभूमी, काळ्या आडव्या-उभ्या रेषा आणि तांबडा, निळा, पिवळा हे तीन रंग एवढ्याच साहित्यावर हे चित्र उभे आहे; तेव्हा तसे एखादे आपणही काढू शकू असे त्याला वाटते, आणि पट्टी हाती घेऊन तासाभरात तो ते काढतोही. त्या एका तासात जे निसटते ते मोंद्रियानचे आयुष्य होय. अशा तऱ्हेचे पहिले चित्र काढण्यापूर्वी त्याच्या वयाची अठ्ठेचाळीस वर्षे उलटून गेली होती. आणि ज्या काळ्या रेषेवरून आज त्याला कोणीही ओळखतो, तीही त्याने सत्तरीच्या उंबरठ्यावर टाकून दिली.

पीटर कॉर्नेलिस मोंद्रियानचा जन्म ७ मार्च १८७२ रोजी हॉलंडमधील आमर्सफोर्ट येथे झाला. वडील प्रॉटेस्टंट शाळेचे मुख्याध्यापक, कट्टर कॅल्व्हिनपंथी आणि चित्रकला शिकविण्याची पात्रता मिळविलेले. काका फ्रिट्स हे निसर्गदृश्ये रंगविणारे चित्रकार. १८८० मध्ये कुटुंब जर्मन सरहद्दीजवळच्या विंटर्सवाइक या गावी गेले आणि तेथेच मुलाचे बालपण सरले. घरात चित्रकलेला विरोध नव्हता; पण ती उपजीविकेचे साधन असावी, म्हणजे शिक्षकी पेशाला जोडलेली असावी, असा वडिलांचा आग्रह होता. मुलाने तो पाळला. १८८९ मध्ये प्राथमिक आणि १८९२ मध्ये माध्यमिक शाळांत चित्रकला शिकविण्याचे प्रमाणपत्र त्याने मिळविले, आणि मग त्याच वर्षी ॲम्स्टरडॅमच्या राष्ट्रीय कला अकादमीत प्रवेश घेतला. हा कॅल्व्हिनपंथी वारसा पुढे त्याने सोडला हे खरे. पण चुन्याने पांढरीशुभ्र केलेल्या, मूर्ती आणि चित्रे यांपासून मुक्त अशा डच प्रार्थनामंदिरांची सवय लागलेली नजर माणूस इतक्या सहजासहजी सोडू शकत नाही.

कलेतिहासाची पुस्तके यापुढची पंधरा वर्षे दोन-चार वाक्यांत उरकतात, आणि त्यामुळे मोठा गैरसमज होतो. या काळात मोंद्रियान हा बऱ्यापैकी कुशल, फारसा यशस्वी नसलेला डच निसर्गचित्रकार होता. रोमच्या शिष्यवृत्तीसाठी त्याने १८९८ आणि १९०१ असे दोनदा प्रयत्न केले व दोन्ही वेळा त्याच्या पदरी निराशा आली. पोट भरण्यासाठी तो संग्रहालयातील जुन्या चित्रांच्या नकला करी, शिकवण्या घेई, लायडन विद्यापीठासाठी जंतुशास्त्रीय आकृत्याही काढून देई. उरलेल्या वेळात नदीकाठची शेतघरे, पवनचक्क्या, पाण्यातली झाडांची प्रतिबिंबे, आणि एकेकटी शेवंतीची फुले. या चित्रांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागते. त्यांत करडा-तपकिरी संधिप्रकाश आहे, आणि नीट पाहिले तर एक खोडही आहे: क्षितिजाची आडवी रेषा आणि तिला छेदणारे उभे झाड किंवा पवनचक्की यांच्याभोवती चित्रकार पुनःपुन्हा घुटमळतो. मात्र त्यात पुढच्या मोंद्रियानचे भाकीत शोधणे हा मागाहून सुचलेला शहाणपणा होय. त्या काळी तो स्वतः असे काही शोधीत होता असे मानण्यास आधार नाही.

१९०८ पासून तो झीलंड प्रांतातील डोमबुर्ग या समुद्रकाठच्या गावी उन्हाळ्यात जाऊ लागला. तेथील प्रखर प्रकाश आणि यान टोरोप या ज्येष्ठ चित्रकाराचा सहवास यांनी त्याची रंगपेटीच बदलून टाकली. पवनचक्की तांबड्या-पिवळ्या ज्वाळेसारखी झाली. निळ्या संध्याकाळी एक निष्पर्ण झाड तांबड्या फांद्या पसरून उभे राहिले. संध्याकाळचे हे तांबडे झाड पुढील साऱ्या प्रवासाचा आरंभबिंदू मानले जाते, आणि ते योग्यच आहे.

याच सुमारास, १९०९ च्या मे महिन्यात, तो थिऑसॉफिकल सोसायटीचा सभासद झाला. या संस्थेचे मुख्य केंद्र मद्रासजवळच्या अड्यार येथे होते आणि तिचे अध्यक्षपद त्या वेळी ॲनी बेझंट यांच्याकडे होते, ही गोष्ट भारतीय वाचकाला विशेष वाटणे स्वाभाविक आहे. दृश्य जगाच्या आड एक सूक्ष्म सुसंगती आहे, आणि द्रव्य व चैतन्य, स्त्रीतत्त्व व पुरुषतत्त्व अशा द्वंद्वांच्या समतोलातून ती प्रकटते, हा विचार त्याने मॅडम ब्लाव्हाट्स्कींच्या शिकवणुकीतून घेतला, आणि आडवी व उभी रेषा यांच्याकडे पाहण्याची त्याची दृष्टी त्यातूनच घडली. यावरून मोंद्रियानला उपनिषदांच्या निषेधमार्गाचा यात्रेकरू ठरविण्याचा मोह आपल्याकडे होतो. तो आवरलेला बरा. त्याच्यापर्यंत जे भारतीय तत्त्वज्ञान पोहोचले ते अनेक हातांतून गाळून आलेले होते. आणि थिऑसॉफीच्या प्रतीकांनी भरलेले उत्क्रांती हे त्याचे तीन भागांचे चित्र (१९१०-११) त्याच्या सर्वांत दुबळ्या चित्रांपैकी एक आहे. कल्पना जेथे चित्रावर स्वार झाली तेथे चित्र पडले. संस्थेनेही त्याला फारसे जवळ केले नाही. १९१४ मध्ये तिच्या डच नियतकालिकासाठी त्याने लिहिलेला लेख नाकारण्यात आला. १९२१ मध्ये रुडॉल्फ श्टायनर यांना त्याने आपली पुस्तिका पाठविली, तिला उत्तर आले नाही. तरीही सभासदत्व त्याने सोडले नाही.

१९११ च्या शरद ऋतूत ॲम्स्टरडॅमच्या एका प्रदर्शनात ब्राक आणि पिकासो यांची घनवादी चित्रे त्याने पाहिली. वय एकोणचाळीस, हॉलंडमध्ये बऱ्यापैकी नाव, विवाह नुकताच ठरलेला. काही आठवड्यांत त्याने तो विवाह मोडला आणि १९१२ च्या आरंभी तो पॅरिसला गेला. आडनावाच्या डच लेखनातील जोड अ-कारांपैकी एकही त्याने तेव्हाच गाळला. पुढे आयुष्यात त्याने कधी लग्न केले नाही.

झाडांची मालिका येथे आपल्या मुख्य टप्प्यावर येते. १९११ च्या करड्या झाडात फांद्या अजून फांद्याच आहेत, पण रंग गेला आहे, आणि फांद्यांमधला अवकाश फांद्यांइतकाच घट्ट, जणू लिंपलेला झाला आहे. १९१२ च्या बहरलेल्या सफरचंदाच्या झाडात बहर नाही आणि सफरचंदही नाही. उरली आहेत ती परस्परांना छेदणारी धनुष्याकृती वळणे, मध्यावर दाट आणि कडांकडे विरळ होत जाणारी. पुढील वर्षांच्या चित्रांत वळणेही सरळ होऊ लागतात. ही चित्रे ओळीने पाहणाऱ्याच्या ध्यानात येते की, मोंद्रियानने झाडाचे सुलभीकरण केलेले नाही. प्रत्येक चित्रात त्याने झाडाची एकेक गोष्ट काढून घेतली आणि उरलेले उभे राहते काय, एवढेच पाहिले. रंग काढला, झाड उभे राहिले. खोड आणि पार्श्वभूमी यांतला भेद काढला, तरीही काहीतरी उभे राहिले. ते काहीतरी म्हणजे काय, हा प्रश्न घेऊन तो पुढे गेला. पिकासो व ब्राक मात्र या वळणावरून मागे फिरले. त्यांच्या घनवादात पेला आणि सतार अखेरपर्यंत पेला आणि सतारच राहिली.

जुलै १९१४ मध्ये आजारी वडिलांना भेटण्यासाठी तो मायदेशी आला, महायुद्ध सुरू झाले, आणि पाच वर्षे तो हॉलंडमध्ये अडकून पडला. वडील १९१५ मध्ये वारले. डोमबुर्गच्या किनाऱ्यावर, समुद्रात शिरणारा लाकडी धक्का आणि त्यावर आपटणाऱ्या लाटा पाहून त्याने काढलेल्या चित्रांत आखूड आडव्या-उभ्या रेषांखेरीज काहीच नाही. आणि तरीही ज्याने भरतीचे पाणी पाहिले आहे त्याला ते पाणी त्यात दिसते. १९१५ मधील या चित्राची दखल लष्करी सेवेत असलेल्या थिओ फान डूसबुर्ग या तरुण चित्रकार-समीक्षकाने घेतली. त्या ओळखीतून ऑक्टोबर १९१७ मध्ये द स्टाइल हे मासिक निघाले आणि त्यात मोंद्रियानने आपली भूमिका हप्त्याहप्त्यांनी मांडली.

या भूमिकेचे त्याने दिलेले नाव भाषांतराच्या दृष्टीने मोठे अवघड आहे. डच भाषेत तिला तो नवे बेल्डिंग म्हणतो. बेल्ड म्हणजे प्रतिमा, मूर्ती. बेल्डिंग म्हणजे प्रतिमेला रूप देण्याची क्रिया. फ्रेंचमध्ये त्याचे निओ-प्लॅस्टिसिझम झाले, आणि मूळ शब्दातला प्रतिमेचा अंश हरवला. तो अंश महत्त्वाचा होता. १५६६ मध्ये सुधारणावाद्यांनी नेदरलंड्समधील चर्चमधल्या मूर्ती फोडल्या, त्या उठावालाही डच भाषेत प्रतिमांचे वादळ म्हणतात, आणि तेथेही शब्द हाच आहे, बेल्ड. प्रतिमा फोडणाऱ्यांच्या कुळात जन्मलेल्या चित्रकाराने नवी प्रतिमा घडविण्यासाठी तोच शब्द उचलावा, यात केवळ योगायोग मानणे कठीण आहे.

जून १९१९ मध्ये तो पॅरिसला परतला. पुढल्या वर्षी त्याने आपला सिद्धान्त फ्रेंच पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केला व ती भविष्यकाळातील माणसांना अर्पण केली. वर्तमानकाळातील माणसांना तिच्यात फारसे स्वारस्य नव्हते. १९२०-२१ मध्ये अखेर ती सुपरिचित चित्रे आली. छापील प्रतीत ती सपाट, यंत्राने आखल्यासारखी दिसतात, आणि विद्यार्थ्याची फसगत येथेच होते. मूळ चित्रासमोर उभे राहिल्यास पांढरा हा एक पांढरा नाही हे कळते. कोठे निळसर, कोठे राखी, आणि कुंचल्याचे फटकारे एका चौकोनात आडवे तर शेजारच्या चौकोनात उभे. काही रेषा फलकाच्या कडेपर्यंत जात नाहीत, थोड्या अलीकडेच थांबतात. रेषा हलविल्याच्या, रुंद वा अरुंद केल्याच्या खुणा रंगाच्या थरांखाली दिसतात. रेषेची जागा त्याने गणिताने ठरविली नाही, नजरेने ठरविली. आणि ती ठरेपर्यंत एकेक चित्र महिनोन् महिने भिंतीवर राही. डाव्या कोपऱ्यातला लहानसा निळा चौकोन उजव्या बाजूच्या मोठ्या पांढऱ्याला तोलून धरतो की नाही, एवढ्याच एका प्रश्नावर माणसाने दिवसचे दिवस घालवावेत, हे ज्याला हास्यास्पद वाटते त्याने वृत्तातील एका मात्रेसाठी अडून बसलेला कवी आठवावा.

ही चित्रे खपत नव्हती. रू द्यू देपार या मोंपार्नास स्थानकाजवळच्या रस्त्यावरील २६ क्रमांकाच्या घरात, १९२१ ते १९३६ पर्यंत, तो अत्यंत काटकसरीने राहिला. तेथील खोली हेच त्याचे एक चित्र होते: पांढऱ्या भिंती, त्यांवर रंगीत पुठ्ठ्यांचे हलविता येण्याजोगे चौकोन, एक ग्रामोफोन, आणि कृत्रिम ट्यूलिपचे एक फूल, ज्याचे पान हिरवेपणा नको म्हणून पांढरे रंगविलेले. जेवणाच्या टेबलाशी खिडकीतली झाडे दिसू नयेत म्हणून तो जागा बदलून मागे, अशा गोष्टी त्याच्याविषयी सांगितल्या जातात. त्या ऐकताना एक गोष्ट विसरली जाते. याच खोलीत, याच वर्षांत, तो हॉलंडमधील स्नेह्यांना विकण्यासाठी जलरंगांत फुले रंगवीत होता. ज्या निसर्गाला त्याने चित्रातून हद्दपार केले होते, त्याच्याच जिवावर चित्रकाराची चूल पेटत होती. शेवंतीच्या पाकळ्यांची वळणे काढताना त्या हाताला काय वाटत असेल याची कल्पनाच करावी लागते. ती फुले मात्र अतिशय सुंदर आहेत, आणि केवळ पोटासाठी काढलेली म्हणून त्यांच्याकडे पाठ फिरविणे समीक्षकांना शोभत नाही.

फान डूसबुर्गशी त्याचे पुढे बिनसले. फान डूसबुर्गने चित्रात तिरकी रेषा आणली आणि १९२५ मध्ये मोंद्रियान द स्टाइलपासून दूर झाला. भांडणाला स्वभावांचीही कारणे होती. पण एका तिरक्या रेषेपायी मैत्री तुटली ही गोष्ट इतकी चमत्कारिक आहे की तीच सर्वांच्या लक्षात राहिली. मोंद्रियानने स्वतः फलक कोनावर उभा करून चौकटच तिरकी केली होती. आतल्या रेषा मात्र त्याने सरळच ठेवल्या. १९२९ मध्ये दोघांचा समेट झाला आणि दोन वर्षांनी फान डूसबुर्ग वारला.

तिशीच्या दशकात तरुण कलावंत त्या पांढऱ्या खोलीत येऊ लागले. १९३० मध्ये आलेला अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर कॉल्डर तेथून बाहेर पडला तो अमूर्ताकडे वळूनच. १९३४ मध्ये इंग्लंडचा बेन निकल्सन आणि न्यू यॉर्कचा हॅरी होल्ट्झमन हे आले. १९३७ मध्ये नाझी राजवटीने भरविलेल्या अधःपतित कलेच्या प्रदर्शनात मोंद्रियानची चित्रे होती. युद्ध येणार हे ओळखून सप्टेंबर १९३८ मध्ये, निकल्सन आदी मित्रांच्या मदतीने, तो लंडनला गेला आणि हॅम्पस्टेडमधील एका खोलीला त्याने पुन्हा पांढरा रंग दिला. दोन वर्षांनी लंडनवर बाँब पडू लागले, एक त्याच्या घराजवळच पडला; आणि ऑक्टोबर १९४० मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, तो न्यू यॉर्कच्या धक्क्यावर उतरला. होल्ट्झमनने त्याच्यासाठी घर भाड्याने घेतले आणि त्याला बूगी-वूगी या कृष्णवर्णीयांच्या पियानोसंगीताच्या तबकड्या ऐकविल्या. नृत्याचा शौक मोंद्रियानला जुनाच होता. तो तासन्‌तास ते ऐकू लागला.

वास्तविक येथे त्याने थांबावयास हरकत नव्हती. शैली सिद्ध झालेली, अनुयायी जमलेले, जानेवारी १९४२ मध्ये अमेरिकेतील पहिले स्वतंत्र प्रदर्शनही झाले. परंतु युरोपातून आणलेली, पूर्ण मानलेली चित्रे त्याने पुन्हा भिंतीवर टांगली आणि त्यांत काळ्या रेषांची चौकट नसलेले मोकळे रंगतुकडे भरू लागला. म्हणूनच त्या चित्रांवर दोन-दोन साले आढळतात: पॅरिस वा लंडनचे एक आणि न्यू यॉर्कचे एक. त्यानंतर काळी रेषाच गेली. न्यू यॉर्क सिटी या मालिकेत रेषा पिवळ्या, तांबड्या आणि निळ्या झाल्या, एकमेकींच्या वरून-खालून विणल्यासारख्या धावू लागल्या. मांडणी करण्यासाठी तो रंगीत कागदी चिकटपट्ट्या वापरी, त्या सरकविणे सोपे होते. ब्रॉडवे बूगी वूगी (१९४२-४३) या चित्रात सलग रेषाही फुटली. पिवळ्या पट्ट्यांवर तांबडे, निळे, राखी ठिपके टाळासारखे वाजू लागले. झाडापासून सुरू झालेला तो काढून घेण्याचा खेळ स्वतः मोंद्रियानच्या दारी आला होता.

शेवटचे चित्र व्हिक्टरी बूगी वूगी. कोनावर उभा केलेला फलक. युद्धातील विजयाची वाट पाहणारे नाव. पाहणाऱ्यांना ते पुरे झालेले वाटत होते. जानेवारी १९४४ मध्ये त्याने ते पुन्हा मोडले आणि रंगलेल्या पृष्ठभागावर चिकटपट्टीचे तुकडे लावीत नवी मांडणी सुरू केली. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याला फुफ्फुसदाहाने गाठले आणि १ फेब्रुवारी १९४४ रोजी रुग्णालयात त्याचे निधन झाले. ब्रुकलिनमधील सायप्रस हिल्स येथे त्याला पुरण्यात आले. होल्ट्झमनने त्याची खोली काही आठवडे जशीच्या तशी लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवली. भिंतीवरचे चौकोन जागच्या जागी होते.

त्याच्या मागे जे घडले त्यात विसंगती बरीच आहे. आयुष्यभर फुले रंगवून पोट भरणाऱ्याचे ते अपुरे चित्र १९९८ मध्ये नेदरलंड्सने ऐंशी दशलक्षांहून अधिक गिल्डरना विकत घेतले. ते आता हेग येथे, तांबड्या आणि करड्या झाडांच्या शेजारी आहे. १९६५ मध्ये इव्ह सँ लोराँने त्याच्या रेषा स्त्रियांच्या पोशाखांवर आणल्या, आणि तेव्हापासून त्या कोठेकोठे पोहोचल्या याची गणती नाही. आणि २०२२ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयातील अभ्यासकांच्या असे ध्यानात आले की, चिकटपट्ट्यांनी मांडलेले त्याचे एक अपुरे चित्र, न्यू यॉर्क सिटी १, १९४५ पासून बहुधा उलटे टांगलेले आहे. मोंद्रियानच्या मृत्यूनंतर त्याच्या खोलीत घेतलेल्या छायाचित्रात दाट रेषांची बाजू वर आहे. संग्रहालयात ती खाली होती. सुलटे करावे की नाही याचा विचार झाला. पण ऐंशी वर्षांच्या त्या पट्ट्या आता जेमतेम चिकटून आहेत, फलक फिरविला तर त्या गळून पडण्याची भीती आहे, म्हणून चित्र तसेच राहू द्यावयाचे ठरले.